पाण्याचे रॉकेट आणि सहावी ते आठवीचे भौतिकशास्त्र: बाटली निवडण्यापासून आलेख काढण्यापर्यंत

थोडे पाणी भरलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत पंपाने हवा दाबून भरली आणि ती उलटी सोडली की पाणी जोराने खाली फेकले जाते व बाटली वर उडते; हेच पाण्याचे रॉकेट. तासगाव तालुक्यातील आमच्या शाळेत पहिल्यांदा अशी रॉकेटे उडवली ती २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी. मुलांनी जल्लोष केला, पालकांनी मोबाइलवर चित्रण केले, आणि दुसऱ्या दिवशी मी सातवीच्या वर्गात "रॉकेट वर का गेलं?" असे विचारले तेव्हा जवळजवळ सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "बाई, पाणी जमिनीवर आपटलं म्हनून." इतकी उड्डाणे पाहूनही मुलांची मूळ समजूत जागची हलली नव्हती, आणि त्यात दोष माझ्या आखणीचा होता. बाटलीतले पाणी सेकंदाच्या दहाव्या भागाइतक्या किंवा त्याहूनही कमी वेळात बाहेर पडते. एवढ्या वेळात डोळ्यांना काही शिकता येत नाही. जे शिकायचे ते उड्डाणाच्या आधी, मूल आपला अंदाज कागदावर लिहून त्याखाली नाव टाकते तेव्हा सुरू होते आणि उड्डाणानंतर तो अंदाज का चुकला यावर वर्गात वाद होतो तेव्हा पुरे होते. त्या वर्षापासून मी हा उपक्रम सात तासिकांत विभागून घेते. त्यातील दोन तासिका सलग मैदानासाठी मागून घ्याव्या लागतात. पुढे जे लिहिले आहे ते त्याच क्रमाने आहे.

राज्य मंडळाच्या पुस्तकांत सहावीला गती, बल, कार्य आणि ऊर्जा, सातवीला गती, बल व कार्य आणि आठवीला बल व दाब असे घटक येतात. न्यूटनचे गतीविषयक नियम नववीत सविस्तर आहेत. त्यामुळे सातवीच्या मुलांसमोर सूत्रे मांडण्याची घाई करू नये. त्यांना बलांची जोडी ओळखता आली आणि "कोण कोणाला ढकलते" हे वाक्य पुरे करता आले, तरी पुष्कळ झाले.

दाब आधी हाताला कळू द्यावा

पहिल्या तासिकेला रॉकेटचा उल्लेखही करू नये. प्रत्येक जोडीला १० मिलिलिटरची एक नवी, सुई नसलेली सिरिंज द्यावी. दट्ट्या वर ओढून आत हवा घ्यायची, पुढचे छिद्र अंगठ्याने घट्ट दाबायचे आणि दट्ट्या ढकलायचा. हवा दाबली जाते, दट्ट्या बराच आत जातो आणि हात काढला की उसळून मागे येतो. मग तीच सिरिंज पाण्याने भरून, आतले बुडबुडे काढून, पुन्हा ढकलायला सांगावे. दट्ट्या हलतच नाही. हा फरक मुलांच्या अंगठ्याला कळला की पुढचा अर्धा धडा झाला, कारण रॉकेटमधील ऊर्जा दाबलेल्या हवेत साठते, पाण्यात नव्हे, ही गोष्ट त्यांनी स्वतःच शोधलेली असते. याच ठिकाणी एखादे मूल "मग पाणी भरायचंच कशाला?" असे विचारते. त्याचे उत्तर त्या दिवशी देऊ नये. प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा आणि मैदानावर जाईपर्यंत पुसू नये.

आमच्या भागात दाब शिकवण्यासाठी दूर जावे लागत नाही. द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या घरांतील मुलांनी पंपावरचे गेज, म्हणजे दाब दाखवणारी तबकडी, पाहिलेले असते, आणि गन सुरू होताच हात मागे ढकलला जातो हेही अनेकांनी अनुभवलेले असते. त्यांना ते सांगू द्यावे. गाडीच्या चाकात "तीस पाउंड हवा" भरतात ते पाउंड म्हणजे एका चौरस इंचावर पडणारे बल. साधारण १४ पाउंड म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो वजनाचा भार, आणि तेवढाच दाब पाण्याखाली दर १० मीटर खोलीला वाढतो. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील कोयना धरण सुमारे १०३ मीटर उंच आहे. आपण रॉकेटमध्ये भरणार असलेले ४५ पाउंड म्हणजे जवळपास ३२ मीटर, या धरणाच्या उंचीच्या सुमारे एक तृतीयांश, खोल पाण्याचा दाब. हे गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्यावे, म्हणजे पुढे चष्मा का घालायचा हे वेगळे समजावावे लागत नाही.

दुसऱ्या तासिकेला एक साधी बाटली घ्यावी. तिच्या बुडाजवळ समोरासमोर दोन छिद्रे पाडून त्यांत वाकवता येणाऱ्या स्ट्रॉचे तुकडे बसवावेत आणि दोन्ही तुकडे एकाच दिशेने, म्हणजे दोन्ही आपापल्या डावीकडे, वळवावेत. सांधे एम-सीलने बुजवावेत. बाटलीच्या गळ्याला दोरा बांधून ती बादलीवर टांगावी आणि पाणी भरावे. पाणी स्ट्रॉमधून आडवे बाहेर पडू लागते आणि बाटली उलट्या दिशेने गरगर फिरू लागते. आता बादली बाजूला ओढून पाणी दूर जमिनीवर पडू द्यावे आणि विचारावे, "फिरण्यात काही फरक पडला का?" काहीच फरक पडत नाही. पाणी कशावर आपटते याचा बाटलीच्या फिरण्याशी संबंध नाही. बाटली पाण्याला एका बाजूला ढकलते आणि पाणी बाटलीला दुसऱ्या बाजूला ढकलते, जोडी फक्त या दोघांची. ज्या वर्षी मी हा प्रयोग वगळला त्या वर्षी "जमिनीवर आपटलं म्हणून" हे उत्तर परीक्षेत पुन्हा आले.

बाटली

फक्त सोडायुक्त शीतपेयाची बाटली वापरावी. साध्या पिण्याच्या पाण्याच्या बाटलीची भिंत पातळ असते आणि ती दाबासाठी बनवलेली नसते. सोड्याची बाटली मात्र आतला वायूचा दाब उन्हातही सहन करावा अशा बेताने घडवलेली असते, म्हणूनच तिचे बूड सपाट न ठेवता फुगीर पायांचे केलेले असते. दोन लिटरच्या बाटलीचा व्यास सुमारे ११ सेंटिमीटर, म्हणजे आडव्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ९५ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला तीन किलो धरले तर बुडावर पावणेतीनशे किलोंहून अधिक भार येतो. हा आकडा मुलांनी स्वतः काढावा. एवढी ताकद ५० ग्रॅमच्या आसपास वजनाच्या प्लास्टिकने पेललेली असते, म्हणून त्या प्लास्टिकला ओरखडा, चुणी, उष्णता किंवा चुकीचा गोंद लागू देता कामा नये. चुरगळलेली, रस्त्यावर सापडलेली, उन्हात पडून राहिलेली बाटली घेऊ नये. लेबल गरम पाण्याने नव्हे तर कोमट पाण्याने आणि तेलाच्या बोटाने काढावे. ज्या बाटलीत दाब भरायचा तिला कुठेही छिद्र पाडू नये, पॉलिशपेपर घासू नये, ग्लूगनचा गरम गोंद किंवा झटपट चिकटणारा पातळ गोंद लावू नये. गरम गोंदाने भिंत मऊ पडते आणि पातळ गोंदाने ती ठिसूळ होते. डबल टेप आणि पॅकिंगची चिकटपट्टी एवढ्यावर सगळे काम भागते.

लाँचर

रॉकेट सोडण्याची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे रबरी बुचाला भोक पाडून त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवायचा, बूच बाटलीच्या तोंडात दाबायचे आणि पंप मारत राहायचे. दाब पुरेसा वाढला की बूच आपोआप सुटते. एखाद्या प्रात्यक्षिकासाठी हे ठीक आहे. पण बूच कधी २५ पाउंडाला सुटते, कधी ४० ला, आणि कोणत्या क्षणी सुटेल हे कोणालाच माहीत नसते. प्रत्येक वेळी दाब वेगळा असेल तर पाण्याच्या प्रमाणाचा परिणाम मोजता येत नाही, आणि अवचित सुटणारे रॉकेट ही सुरक्षिततेची अडचण आहे. म्हणून एक तासिका जास्त लागली तरी दोरी ओढून सोडता येणारा लाँचर करावा. तो अनेक वर्षे टिकतो.

त्यासाठी नळकामातला अर्धा इंची जाड यूपीव्हीसी पाइप लागतो. दुकानात जाताना बाटली बरोबर न्यावी आणि पाइप तिच्या तोंडात सरकवून पाहावा. तो आत जायला हवा, पण डुगडुगता कामा नये. हा पाइप उभा राहणार आणि बाटली त्यावर उलटी बसणार. पाइपचा सुमारे २० सेंटिमीटर भाग बाटलीच्या आत गेला पाहिजे. त्यामुळे भरलेले पाणी पाइपमध्ये उतरत नाही आणि सुटताना रॉकेटला सरळ वाट मिळते. बाटलीचे तोंड जिथे टेकते त्याच्या किंचित वर कानशीने पाइपला गोलाकार उथळ खाच करावी आणि तीत ओ-रिंग, म्हणजे हवा निसटू न देणारी रबराची गोल कडी, बसवावी. फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्याकडे सगळ्या मापांच्या ओ-रिंग असतात, आणि कशासाठी हव्यात हे सांगितले की तो स्वतः पारखून देतो. ओ-रिंगवर थोडे ग्रीस लावले की बाटली घट्ट पण सहज बसते.

आता पकड. बाटलीच्या गळ्याला आट्यांच्या खाली एक बाहेर आलेली कडा असते. दहा-बारा केबल टाय (वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) पाइपभोवती उभे, डोकी वर करून, अशा उंचीवर लावावेत की बाटली बसल्यावर त्यांची डोकी बरोबर त्या कडेवर अडकतील. टायचे खालचे भाग होज क्लिपने आवळून टाकावेत. डोक्यांभोवती सरकणारी एक कॉलर हवी. बहुधा दीड इंची पाइपचा पाच-सहा सेंटिमीटर लांबीचा तुकडा बेताचा बसतो. कॉलर वर असेपर्यंत डोकी कडेला धरून राहतात, आणि दोरीने ती खाली ओढली की डोकी बाहेर उमलतात व रॉकेट सुटते. कॉलरच्या दोन्ही बाजूंना भोके पाडून सहा-सात मीटर लांबीची दोरी बांधावी आणि ती खालच्या एका हुकातून ओवून घ्यावी, म्हणजे लांबून आडवी ओढली तरी कॉलर सरळ खालीच येते. कॉलर तिरकी खेचली गेली की ती अडकते, हे आम्हाला दोन दिवस वाया घालवून कळले.

उभ्या पाइपच्या खाली एल्बो (काटकोनी जोड), पुढे एक फूट आडवा पाइप आणि त्याला नळी जोडायचा निपल बसवावा. तिथून पंपापर्यंत पाच-सहा मीटर फवारणीची जाड नळी घ्यावी. ती याहून कितीतरी मोठ्या दाबासाठीच बनवलेली असते. नळीच्या पंपाकडच्या टोकात पंक्चरवाल्याकडून ट्यूबलेस व्हॉल्व्ह बसवून क्लिपने आवळून घ्यावा. सांध्यांना पाइप चिकटवण्याचे सोल्युशन लावल्यावर चोवीस तास हात लावू नये. पीव्हीसी पाइप हवेच्या दाबाने फुटला तर त्याच्या धारदार कपच्या उडतात, म्हणून पाइप शक्य तितका आखूड ठेवावा, त्यावर जाड कापडाचे दोन वेढे देऊन चिकटपट्टी गुंडाळावी, तो उन्हात साठवू नये आणि उड्डाणाच्या वेळी ५० पाउंडांच्या वर कधीही जाऊ नये. सगळा सांगाडा लाकडी फळीवर पक्का करावा. पंप गेज असलेला सायकलचा उभा पंप हवा. गेज नसलेल्या पंपाने हा उपक्रम करू नये.

नाक, पंख आणि दोरीची परीक्षा

नाक मऊ असावे. दुसऱ्या बाटलीचा वरचा भाग कापून, तोंडाचा कडक भाग काढून टाकून, तो रॉकेटच्या बुडावर टोपीसारखा बसवावा आणि टोकाला स्पंजचा गोळा किंवा अर्धा चेंडू लावावा. आत ५० ग्रॅमच्या आसपास वजन ठेवायचे असते. शाडू सहज मिळते म्हणून मुले तीच आणतात, पण ती वाळली की दगडासारखी होते. त्याऐवजी छोट्या पिशवीत बांधलेली वाळू स्पंजमध्ये खोचावी.

पंख तीन किंवा चार, समान अंतरावर, गळ्याच्या बाजूला. जाहिरातीच्या फलकांसाठी वापरतात ते सनपॅक यासाठी उत्तम, कारण ते हलके असते आणि भिजत नाही. द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठाही चालतो, फक्त त्यावर आधी चिकटपट्टी मारून घ्यावी. बाटलीला चिकटणारी कड १२, बाहेरची ८ आणि रुंदी ८ सेंटिमीटर असा समलंब चौकोन पुरतो. पंख लाँचरच्या केबल टायला लागत नाहीत ना, हे बाटली बसवून पाहावे.

यानंतरची परीक्षा मुलांना सर्वांत आवडते. रॉकेट रिकामेच ठेवून बोटावर तोलावे आणि जिथे ते आडवे स्थिर राहते तिथे दोन मीटर दोरी बांधून चिकटपट्टीने पक्की करावी. मोकळ्या जागी एका मोठ्या मुलाने किंवा शिक्षकाने ते डोक्याभोवती गोल फिरवावे. नाक पुढे ठेवून फिरले तर रॉकेट हवेत सरळ जाईल. शेपूट पुढे आले किंवा ते गटांगळ्या खाऊ लागले तर नाकातले वजन वाढवावे किंवा पंख मोठे करावेत. कारण असे की हवेचा रेटा पंखांमुळे मागच्या बाजूला जास्त लागतो, आणि वजनाचा मध्य त्याच्या पुढे असेल तर रॉकेट वाऱ्यात वळणाऱ्या पवनदर्शकासारखे आपोआप सरळ होते. ढालगाव परिसरातील पठारावरच्या पवनचक्क्या मुलांना माहीत असतात, पण त्यांचे उदाहरण इथे देऊ नये. मोठ्या पवनचक्क्या यंत्राने वाऱ्याकडे वळवल्या जातात आणि मुलांचा घोटाळा होतो.

पाण्याने भरून दाबचाचणी

हा टप्पा कधीही गाळू नये. प्रत्येक बाटली काठोकाठ पाण्याने भरून लाँचरवर लावावी, सगळ्यांनी दूर व्हावे आणि शिक्षकाने ६० पाउंडांपर्यंत दाब नेऊन एक मिनिट थांबावे. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा जवळजवळ साठत नाही. बाटली फुटलीच तर ती चिरते, पाणी सांडते आणि गोष्ट तिथेच संपते. हीच बाटली हवेने भरलेली असताना फुटली तर मोठा धमाका होतो. सिरिंजचा प्रयोग केलेल्या मुलांना याचे कारण विचारावे. ती अचूक सांगतात, आणि आपण शिकलेले आपल्याच सुरक्षिततेसाठी वापरले जाते आहे हे त्यांना दिसते. चाचणीत उतरलेल्या बाटलीवर मार्करने तारीख लिहावी आणि दर उड्डाणाला एक रेघ ओढावी.

मैदान

लाँचरपासून चारही बाजूंना निदान ५० मीटर मोकळी जागा हवी. वर विजेच्या तारा नकोत, शेजारी रस्ता नको, बेदाण्याची शेड नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातील सकाळ उत्तम, कारण दुपारनंतर वारा वाढतो आणि हलकी बाटली वाहून जाते.

एका वर्षी शाळेचे मैदान मिळाले नाही म्हणून आम्ही शेजारच्या मोकळ्या रानात गेलो. काळी माती वरून वाळलेली दिसत होती, आत ओल होती. दोन उड्डाणांच्या पाण्याने ती भिजली, फळीची एक बाजू हळूहळू खचली, आणि तिसरे रॉकेट सरळ वर न जाता मुलांच्या रांगेच्या दिशेने तिरपे गेले. ते रांगेच्या पलीकडे पडले आणि कोणालाही लागले नाही. पण फळीकडे पुन्हा पाहणे माझे काम होते आणि मी ते केले नव्हते. तेव्हापासून फळीच्या चारही कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या असतात आणि दर उड्डाणाआधी एक मूल ओळंबा लावून पाइप उभा आहे की नाही हे पाहते. त्याने "सरळ" म्हटल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही. मुलांची रांग १५ मीटर मागे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला असावी, आणि पंप व दोरी सांभाळणाऱ्यांनी संरक्षक चष्मे घालावेत. दाब भरलेल्या रॉकेटजवळ कोणीही जायचे नाही. कॉलर अडकली तर पंपाकडच्या व्हॉल्व्हची पिन दाबून लांबूनच हवा सोडावी.

कामे वाटून द्यावीत: ओळंबा, पाणी मोजणे, पंप, गेज वाचणे, दोरी, दोन कोनमापक, एक घड्याळ, एक नोंदवही. दर दोन उड्डाणांनी कामे बदलावीत. पंप नेहमी मुलगे आणि नोंदवही नेहमी मुली, अशी वाटणी आपोआप होऊ लागते. शिक्षकाने ती मुद्दाम मोडावी.

अंदाज, मग उड्डाण

आता फळ्याच्या कोपऱ्यातला प्रश्न: पाणी कशाला? दाब सर्व वेळी ४५ पाउंड, रॉकेट तेच, बदलायचे फक्त पाणी. दोन लिटरच्या बाटलीत शून्य, अर्धा लिटर, एक लिटर आणि दीड लिटर, प्रत्येकी तीन उड्डाणे. पाणी भरलेली बाटली पाइपवर बसवताना पाणी सांडणार नाही इतका लाँचर कलता करावा, पाइप तोंडातून आत सरकवावा, कॉलर वर घ्यावी आणि मगच फळी उभी करावी.

सुरुवातीलाच प्रत्येकाने चारही प्रमाणे उंचीच्या क्रमाने लिहावीत. बहुतेक मुले "जास्त पाणी, जास्त उंच" असा क्रम लावतात आणि कोरडी बाटली जागची हलणार नाही असे लिहितात. उड्डाणात कोरडी बाटलीही चांगली वर जाते आणि मुले थक्क होतात. दाबलेली हवा आतल्या पाइपवरून बाटलीला सिरिंजच्या दट्ट्यासारखी ढकलते आणि मग स्वतः बाहेर पडताना आणखी थोडा रेटा देते. पण अर्ध्या लिटरचे उड्डाण तिला बरेच मागे टाकते, एक लिटरचे पुन्हा खाली येते, आणि दीड लिटरचे रॉकेट जड होऊन थोडेच उठते. आलेख काढला की डोंगरासारखी वक्ररेषा मिळते आणि तिचा माथा साधारण पाव ते एक तृतीयांश पाण्याजवळ येतो.

माथा मधेच का? यावर निदान अर्धी तासिका द्यावी. त्या बाटलीत मावलेल्या सगळ्या दाबलेल्या हवेचे वस्तुमान फक्त ८ ते १० ग्रॅम असते, तर अर्धा लिटर पाणी ५०० ग्रॅम. हलके काही मागे फेकले तर उलटा धक्का लहान, जड काही फेकले तर मोठा. पण पाण्याने जागा व्यापली की हवेला जागा उरत नाही, आणि ढकलणारी ती हवाच. आमच्या वर्गातल्या एका मुलीने हे असे मांडले होते: "पाणी म्हंजे दगड आन् हवा म्हंजे गलोलीचं रबर. दगड मोठ्ठा घेतला आन् रबर तुटकं घेतलं तर काय उपेग?" याहून नेमके मला कधी सांगता आलेले नाही.

दुसरा प्रश्न उड्डाणाच्या वेळीच विचारावा: पाणी लाँचरजवळच संपले, मग रॉकेट वर का जात राहिले? मुलांच्या मते कोणीतरी ढकलत असल्याशिवाय वस्तू चालत नाही. इथे त्यांना दिसते की मिळालेल्या वेगावर रॉकेट पुढे जात राहते, आणि त्या काळात त्यावर गुरुत्वाकर्षण व हवेचा अडथळा ही दोनच बले असतात, दोन्ही खाली खेचणारी. सगळ्यात वरच्या क्षणी वेग शून्य असला तरी बल शून्य नसते, हे बाणांच्या आकृत्यांनी काढून घ्यावे.

उंची मोजणे

लाँचरपासून मोजून ४० मीटरवर, समोरासमोरच्या दोन बाजूंना दोन मुले उभी करावीत. कोनमापकाच्या मध्याला दोरा आणि दोऱ्याला नट बांधला की साधन तयार. सरळ कडेला स्ट्रॉ चिकटवून त्यातून रॉकेटवर नेम धरायचा, सर्वांत वरच्या क्षणी दोरा बोटाने दाबून धरायचा आणि वाचलेला कोन ९० अंशांतून वजा करायचा. रॉकेटमागे नेम धरत मान फिरवण्याचा सराव आधी झाडाच्या शेंड्यावर आणि शाळेच्या ध्वजस्तंभावर करून घ्यावा.

त्रिकोणमिती सातवीला नसते, पण प्रमाणबद्ध आकृती काढता येते. एक सेंटिमीटर म्हणजे पाच मीटर धरून आठ सेंटिमीटरचा पाया काढायचा, एका टोकाला लंब, दुसऱ्या टोकाला मोजलेला कोन. रेषा लंबाला जिथे छेदते तिथली उंची मोजून पाचाने गुणायची आणि मुलाच्या डोळ्यांची उंची मिळवायची. समजा कोन ३५ अंश आला, तर लंब ५.६ सेंटिमीटर, म्हणजे २८ मीटर, अधिक सव्वा मीटर. दोन्ही मुलांच्या उत्तरांची सरासरी घ्यावी, कारण रॉकेट एकीकडे कलले असेल तर एकाचा कोन जास्त आणि दुसऱ्याचा कमी येतो.

शिक्षकाने पडताळ्यासाठी घड्याळ वापरावे. सुटल्यापासून पडेपर्यंतच्या सेकंदांचा वर्ग करून १.२ ने गुणले की मीटरमध्ये ढोबळ उंची मिळते: पाच सेकंद लागले तर ३० मीटर. हवेच्या अडथळ्यामुळे ही संख्या कोनाच्या संख्येशी तंतोतंत जुळत नाही. दोन्ही संख्या नोंदवहीत शेजारी शेजारी लिहाव्यात आणि खोडाखोड करू देऊ नये. तीन उड्डाणांचे तीन आकडे वेगळे आले तर ते तिन्ही आलेखावर बिंदू म्हणून राहिले पाहिजेत.

शेवटच्या तासिकेला मुले हमखास इस्रोकडे वळतात, आणि वळावे. चांद्रयान-३ ला १४ जुलै २०२३ रोजी घेऊन गेलेल्या एलव्हीएम-३ या रॉकेटचे उड्डाणावेळचे वस्तुमान सुमारे ६४० टन होते आणि त्याने नेलेले यान सुमारे ३.९ टनांचे होते. उरलेल्यात बहुतेक वाटा मागे फेकायच्या इंधनाचा. मग आपले रॉकेट तराजूवर ठेवावे: रिकामे १०० ग्रॅमच्या आसपास, त्यात पाणी ५०० ग्रॅम. आठवीच्या मुलांना आणखी एक गणित द्यावे. बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास सुमारे २.२ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३.८ चौरस सेंटिमीटर. ४५ पाउंडांना लाँचरच्या केबल टायनी किती भार धरून ठेवला होता? उत्तर बारा किलोंच्या आसपास येते, म्हणजे भरलेल्या कळशीइतके. मी त्या तासिकेला खरोखरच पाण्याने भरलेली कळशी वर्गात ठेवते आणि प्रत्येकाला ती उचलायला लावते.

उपक्रम संपला की लाँचर पुसून, ओ-रिंग काढून, सावलीत ठेवावा. बाटल्या उलट्या टांगून वाळवाव्यात आणि टोपण न लावता ठेवाव्यात. ज्या बाटलीवर वीस रेघा झाल्या किंवा जिच्या अंगावर पांढरट चुणी दिसू लागली ती पुन्हा दाबाला वापरायची नाही. त्या बाटल्यांचे वरचे भाग कापून आम्ही कपाटात एकात एक घालून ठेवतो. पुढच्या वर्षीच्या रॉकेटांची नाके त्यांचीच होतात.